आयजीएफला जायचंय? नोंदणी, सेशनचा प्रस्ताव, व्हिसा, कागदपत्रं, सगळं एकदा नीट

माध्यमं, टेक्नॉलॉजी आणि लोकशाही यावर परिषदा पुष्कळ होतात, पण बऱ्याच ठिकाणी फीचा आकडा बघूनच माणूस मागे फिरतो. संयुक्त राष्ट्रांच्या इंटरनेट गव्हर्नन्स फोरमचं, म्हणजे आयजीएफचं (इंटरनेट कसं चालावं, त्याचे नियम काय असावेत यावर चर्चा करणारी दरवर्षीची बैठक), तसं नाही. तिथे नोंदणीची फी नाही आणि नुसतं ऐकायला किंवा बोलायला कुठली डिग्रीही लागत नाही. तरीपण छोट्या पेपरवाले, कम्युनिटी रेडिओवाले, गावपातळीवर काम करणारे लोक तिथे फार कमी दिसतात, कारण बहुतेकांना वाटतं की हे फक्त सरकारी लोकांचं आणि मोठ्या कंपन्यांचं काम आहे. तसं अजिबात नाहीये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडं मागचं. 2005 साली ट्युनिसला माहिती समाजावरची जागतिक शिखर परिषद झाली, तिथल्या ट्युनिस अजेंड्यातून आयजीएफ निघाली. पहिली बैठक 2006 मधे अथेन्सला झाली आणि 2008 ची तर आपल्याकडे हैदराबादला. इथे कायदे होत नाहीत, मतदानही नाही आणि इथलं काही कुणावर बंधनकारक नसतं, हे आधीच माहीत असू द्या म्हणजे अपेक्षाभंग व्हायचा नाही. पण सरकारी अधिकारी, प्लॅटफॉर्म चालवणारी कंपनी आणि पत्रकार एका टेबलावर बसून चुकीची माहिती, इंटरनेट बंदी, बातम्यांचं अर्थकारण यावर बोलतात आणि तिथे तुम्ही माईक मागू शकता, अशा जागा जगात जास्त नाहीत. मला तरी ही गोष्ट फार मोलाची वाटते.

कोण जाऊ शकतं? सरकार, खाजगी कंपन्या, नागरी संस्था, तांत्रिक क्षेत्रातले लोक, आंतरराष्ट्रीय संघटना, माध्यमं, सगळेच. फॉर्म भरताना तुम्ही यातल्या कुठल्या गटातून येताय ते निवडावं लागतं. संस्था नोंदणीकृत नसेल, एकटेच काम करत असाल तरी चालतं, पण गट खरा निवडा कारण पुढे सेशनचा प्रस्ताव टाकायचा असेल तर तो मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

तारीख ठरलेली नसते. 2023 ला क्योटोत ऑक्टोबरमधे झाली, 2024 ला रियाधला डिसेंबरमधे, आणि 2025 ची एकदम जूनमधे, नॉर्वेत लिलेस्ट्रॉमला. म्हणजे "मागच्या वर्षी डिसेंबरात होती, अजून वेळ आहे" असं धरून बसलात तर गाडी सुटते. त्यामुळे नवीन वर्ष लागलं की अधिकृत साइटवर तारखा बघून घ्यायच्या.

आता नोंदणी. ऑनलाइन फॉर्म असतो, प्रत्यक्ष जाणाऱ्यांनी पण भरायचा आणि घरून ऑनलाइन भाग घेणाऱ्यांनी पण. आणि इथेच आपल्या लोकांची गोची होते ती नावाची. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असे तीन भाग, आणि पासपोर्टवर बऱ्याचदा पहिले दोन एकत्रच दिलेले असतात. माझ्यासोबत एका परिषदेला (ही वेगळी होती) एक बातमीदार ताई होत्या, त्यांनी फॉर्मवर नुसतं नाव आणि आडनाव टाकलं, जसं त्या बातमीखाली लिहितात तसं. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव होतं. बॅजच्या काउंटरवरची मुलगी एकदा पासपोर्ट बघते, एकदा स्क्रीन बघते, परत पासपोर्ट, आणि शेवटी म्हणाली बाजूला थांबा. अर्धा दिवस गेला त्यात आणि ज्या सेशनसाठी आलो होतो ते संपलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खाली दोन ओळी असतात ना, बाणासारख्या खुणा असलेल्या, त्यातल्या वरच्या ओळीत आधी आडनाव, मग दोन खुणा, मग उरलेलं नाव असं असतं. तिथे जे स्पेलिंग आणि जो क्रम आहे, अक्षर न् अक्षर तेच फॉर्मवर टाका. हॉटेल, विमान, व्हिसा, निमंत्रणपत्र, सगळीकडे तेच.

कागदपत्रं म्हणाल तर प्रत्यक्ष जाणाऱ्याला वैध पासपोर्ट आणि स्वच्छ फोटो लागतो, आणि नोंदणी मंजूर झाल्याचा ईमेल प्रिंट काढून ठेवा. पत्रकार म्हणून वार्तांकन करायचं असेल तर साधारणपणे माध्यमांची वेगळी मान्यता घ्यावी लागते, त्यासाठी प्रेस कार्ड आणि संपादकांचं लेटरहेडवरचं पत्र तयार ठेवा. फ्रीलान्सर असाल तर ज्यांच्यासाठी लिहिणार आहात त्यांच्याकडून असं पत्र आधीच मागून घ्या, ऐनवेळी कुणी देत नाही.

व्हिसा हा यजमान देशाचा विषय, आयजीएफची नोंदणी म्हणजे व्हिसा नव्हे. उदाहरण म्हणून शेंगेन देशातली (म्हणजे युरोपातले जे देश एकाच व्हिसावर फिरता येतात त्यातली) बैठक धरा. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी, पण 15 दिवसांवर कधीच जाऊ नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालणारा, दोन पानं कोरी, शिवाय किमान 30,000 युरोचा प्रवास आरोग्य विमा. बँक स्टेटमेंट, नोकरीचं किंवा संस्थेचं पत्र, राहायची सोय हे तर आलंच. निमंत्रणपत्र नोंदणी झाल्या झाल्या मागायचं.

नुसतं ऐकायला न जाता स्वतःचं सेशन घ्यायचं असेल तर खरी मेहनत तिथे आहे. बैठकीच्या काही महिने आधी प्रस्ताव मागवतात. फॉर्मवर शीर्षक, वर्णन, नेमके कुठले धोरणात्मक प्रश्न चर्चेला घेणार, वक्ते कोण, समोर बसलेले आणि ऑनलाइन असलेले दोघांनाही बोलायला कसं मिळणार, हे सगळं लिहावं लागतं. प्रत्यक्ष हॉलमधला सूत्रसंचालक, ऑनलाइन सूत्रसंचालक आणि नोंदी घेणारा अशी नावं पण द्यायची. छाननी बहुपक्षीय सल्लागार गट करतो, त्यांना मॅग म्हणतात, त्यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस करतात.

त्यांना काय हवं असतं? वक्ते वेगवेगळ्या गटांतले, वेगवेगळ्या प्रदेशांतले, आणि स्त्री पुरुष दोन्ही. एकाच संस्थेतले चार जण एकाच विचाराचे बसवले की प्रस्ताव कितीही चांगल्या इंग्रजीत लिहिला तरी मागे पडतो. आणि विषय अरुंद ठेवा. "माध्यमं आणि लोकशाही" हे सेशन होत नाही, ते भाषण होतं. त्याऐवजी "इंटरनेट बंद असताना स्थानिक बातमीदाराने बातमी कशी पोचवायची आणि त्यासाठी सरकारकडून आणि टेलिकॉम कंपनीकडून कुठली हमी मागायची" असं लिहिलंत की वाचणाऱ्याला लगेच कळतं की टेबलावर कोण कोण हवेत आणि का.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना माझा सल्ला असा की लगेच प्रस्ताव टाकू नका. आयजीएफमधे डायनॅमिक कोअलिशन नावाचे गट आहेत, त्यांचं सदस्यत्व खुलं असतं, त्यातला एक तर पत्रकारिता आणि वृत्तमाध्यमं टिकण्याच्या प्रश्नावरच काम करतो, दुसरा नेट न्यूट्रॅलिटीवर (म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने सगळ्या साइट्सना सारखंच वागवायचं, यावर), तिसरा लोकांनी स्वतः उभारलेल्या इंटरनेट नेटवर्कवर. आधी तिथे काम करा, माणसं ओळखीची होतात आणि पुढे वक्ते शोधायला वणवण होत नाही. देशपातळीवर इंडिया इंटरनेट गव्हर्नन्स फोरम पण आहे, 2021 पासून, तिथूनही सुरुवात करता येते.

भाषेचं सांगायचं तर मुख्य सत्रांना संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत दुभाषे असतात, मराठी त्यात नाही, बाकी सेशन्स बहुतेक इंग्रजीतच. पण बोललेलं सगळं समोर स्क्रीनवर मजकुरात येत राहतं आणि नंतर साइटवर वाचायलाही मिळतं, त्यामुळे ऐकताना उच्चार कळले नाहीत तरी अडत नाही. तुमच्या वक्त्याला मराठीतच नीट मांडता येत असेल तर भाषांतर करणारा माणूस तुम्हीच सोबत घ्या आणि वेळ दुप्पट धरा.

पैशांचं आधीच स्पष्ट असू द्या. सेशन मंजूर झालं म्हणजे तिकीट मिळालं असं नाही, आयोजकाने आपली आणि वक्त्यांची सोय स्वतः करायची असते. विकसनशील देशांतल्या लोकांसाठी प्रवासमदत असते, तिचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी, जागा थोड्या. नाही मिळाली तर ऑनलाइन बोला, तेही धरलं जातं.

आणि सेशन झाल्यावर रिपोर्ट द्यायचा असतो, ठरलेल्या मुदतीत. तो न देणाऱ्यांना पुढच्या वर्षी प्रस्ताव टाकताना अडचण येऊ शकते, म्हणून नोंदी घेणारा माणूस सेशनच्या दिवशी दुसऱ्या कुठल्याच कामाला लावू नका.