बहात्तर, सत्तावीस आणि आधारचा बारावा अंक

सेतू केंद्रात रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या आजोबांचा आधार क्रमांक त्यांची नात जोडीजोडीने वाचत होती. कुठेतरी मधे "बहात्तर" आलं. संगणकावरच्या मुलाने बारावा अंक दाबला आणि लगेच लाल अक्षरं झळकली: आधार क्रमांक चुकीचा. गंमत म्हणजे नेट दहा मिनिटांपासून गेलेलं होतं. मी तसं म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "दिल्लीच्या सर्व्हरला सगळं कळतं, काका."

दिल्लीला काहीच कळलं नव्हतं. त्याने ७२ च्या जागी २७ टाइप केले होते आणि ती चूक त्याच्या समोरच्या डबड्याने पकडली होती, कोणालाही न विचारता.

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. टेंभलीसारख्या गावांत रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती संगणकावरून पोहोचवायची, तर रेंज नसणार हे धरूनच चालावं लागतं. डिजिटल भारताच्या जाहिरातीत उपग्रह आणि चकचकीत फोन दिसतात, हा बारावा अंक दिसत नाही. मला मात्र सगळ्या यंत्रणेत तोच जास्त आवडतो.

आधी एक गैरसमज. आधारच्या पहिल्या अंकांवरून राज्य कळतं, असा निरोप अधूनमधून फिरतो. तसं पिनकोडमध्ये असतं. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ मध्ये आखलेल्या पिनकोडचा पहिला अंक टपाल विभाग सांगतो, म्हणून आपल्याकडचे आणि गोव्याचेही पिन ४ ने सुरू होतात. आधारचे पहिले अकरा अंक मुद्दाम यादृच्छिक ठेवले आहेत. सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, एवढाच नियम. म्हणजे एकूण ८,००० कोटी क्रमांक शक्य. त्यात गाव नाही, जात नाही, जन्मसाल नाही. बारावा अंक तेवढा आधीच्या अकरांवरून हिशेबाने काढलेला असतो.

हिशेब कसला? सोपा उपाय बेरजेचा. पण ७+२ आणि २+७ सारखेच, त्यामुळे उलटापालट निसटते. मग जागेप्रमाणे वजन द्यायचं. बिस्किटाच्या पुड्यावरच्या बारकोडमध्ये अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात, आणि बेरजेच्या शेवटच्या अंकावरून तपासणीचा अंक ठरतो. आता ७२ करून पाहा: ७×१ + २×३ = १३. आणि २७: २×१ + ७×३ = २३. दोन्हींच्या शेवटी ३. चूक निसटलीच!

हा योगायोग नाही. एखादा अंक चुकला तर तो हमखास पकडायचा असेल, तर वजन १, ३, ७ किंवा ९ यांपैकीच हवं. २ घेतलं तर २×१ आणि २×६ या दोन्हींचा शेवटचा अंक २ येतो, म्हणजे १ च्या जागी ६ पडला तरी पत्ता लागत नाही. पण ही चारही वजनं विषम, आणि दोन विषम संख्यांमधला फरक सम. समसंख्येला ५ ने गुणलं की शून्याने संपणारी संख्या मिळते. म्हणून ज्या दोन अंकांत ५ चा फरक आहे, त्यांची अदलाबदल या पद्धतीला कधीच दिसत नाही. वजनं कशीही बदला.

जेकोबस वर्होफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये यातून वाट काढली. त्याने आधी माणसं प्रत्यक्षात कशा चुका करतात ते मोजलं. सुमारे ७९ टक्के चुका एखादा अंकच बदलण्याच्या निघाल्या, तर सुमारे १० टक्के शेजारच्या अंकांच्या अदलाबदलीच्या. डच भाषेत आपल्यासारखंच एकक आधी बोलतात. 'बहात्तर'मध्ये दोन आधी ऐकू येतात आणि सात नंतर. घाईत टाइप करणाऱ्याचं बोट २ कडे आधी गेलं तर मला नवल वाटणार नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर दोन' अशा धर्तीचं वाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! संख्यानामांवर माझंही प्रेम आहे, पण ही एक बाजू तेव्हा कोणी फारशी मांडली नाही.

आता वर्होफची युक्ती. पुठ्ठ्याचा एक समभुज, समकोन पंचकोन कापा. वरच्या टोकापासून घड्याळाच्या दिशेने क, ख, ग, घ, च लिहा. प्रत्येक टोकाच्या मागच्या बाजूलाही तेच अक्षर. आता पंचकोन घड्याळाच्या दिशेने एक घर फिरवा, मग पुस्तकाच्या पानासारखा उलटा. वर 'च' येईल. पुन्हा मूळ स्थितीत आणा. या वेळी आधी उलटा आणि मग एक घर फिरवा. वर 'ख'! कृती त्याच, क्रम बदलला आणि उत्तर बदललं.

पंचकोनाला जागच्या जागी बसवायच्या अशा बरोब्बर दहा कृती आहेत. ० ते ४ म्हणजे तितकी घरं फिरवणं, ५ ते ९ म्हणजे पाच तऱ्हांनी उलटणं. अंकही दहाच. मग क्रमांक म्हणजे कृतींची माळ झाली. एकामागून एक करत जायचं, आणि पंचकोन पुन्हा मूळ स्थितीत आणणारी शेवटची कृती म्हणजे बारावा अंक. मधली एक कृती चुकली तर पंचकोन घरी परतत नाही. एक अडचण उरते: २ आणि ३ ही दोन्ही नुसती फिरवणी, त्यांचा क्रम बदलून काही बिघडत नाही. म्हणून वर्होफने प्रत्येक जागेसाठी अंकांची वेगळी फेरमांडणी ठरवून दिली, जी आठ जागांनंतर पुन्हा पहिल्यासारखी होते. हे डोक्यात नीट बसलं नाही तरी हरकत नाही, मलाही कागदावर दोनदा मांडावं लागलं. निष्पत्ती अशी की एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजाऱ्यांची प्रत्येक अदलाबदल पकडली जाते.

'लकी' मोबाइल नंबर विकणारे अंकज्योतिषी अंकांची नुसती बेरीज करतात. ७२ चे नऊ, २७ चेही नऊ. ज्या विद्येला एवढासुद्धा फरक दिसत नाही, ती तुमच्या लग्नाचं काय सांगणार?

मात्र तपासअंक म्हणजे सुरक्षा नव्हे. मनाने लिहिलेल्या दर दहा क्रमांकांपैकी सरासरी एक या चाळणीतून जातो, आणि युक्ती जगजाहीर असल्याने खोटा पण 'बरोबर' क्रमांक कोणीही बनवू शकतो. ही चाळणी थकलेल्या बोटांसाठी आहे, लबाडांसाठी नाही. बँकांच्या खाते क्रमांकांना सर्वांसाठी एकच असा तपासअंक नाही. म्हणून तर पैसे पाठवताना खाते क्रमांक दोनदा लिहावा लागतो, म्हणजे जे काम एका जादा अंकात झालं असतं ते आपण सगळा क्रमांक पुन्हा टाइप करून करतो.

सेतू केंद्रात दुसऱ्या खेपेला नातीने "सात, दोन" असं सुटं सुटं सांगितलं आणि क्रमांक गेला. तेवढ्यात नेटही आलं. मग अंगठा. आयुष्यभर विळा-कुदळ धरलेल्या बोटांवरच्या रेषा यंत्राला काही सापडेनात. मुलाने काच पुसली, आजोबांनी बोट धोतराला पुसलं, नातीने फुंकर मारली. चौथ्यांदा पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं आली. "आजोबा, दुसरा हात द्या," मुलगा म्हणाला.