पोहण्याच्या तलावात घरगुती ब्लीच चालतं का?

शाळांना सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातली पोरं विहिरीत उड्या मारतात, हे जुनंच आहे. अलीकडे शेतातल्या घरांपुढे छोटे स्विमिंग पूलही दिसू लागलेत. पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं. ते हिरवट दिसलं की दुकानातून ब्लीचची बाटली आणून अंदाजाने ओततात.

ब्लीच चालतं. बाटलीत असतं सोडियम हायपोक्लोराइट; पूलसाठी कॅनमध्ये मिळणारं द्रवही तेच, फक्त जास्त तीव्र. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर याच घराण्यातली, तिच्यात सोडियमऐवजी कॅल्शियम असतं. चुकतो तो अंदाज.

पोहण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा, म्हणजे घाणीशी न जोडला गेलेला, जंतू मारायला शिल्लक असलेला. 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सव्वा मीटर खोल तलावात 30,000 लिटर पाणी मावतं. लिटरला 2 मिलिग्रॅम धरले तर 60 ग्रॅम क्लोरीन लागेल. 4 टक्क्यांचं ब्लीच असेल तर ते साधारण दीड लिटर होतं. पण उन्हात, गरम गोदामात पडून राहिलेल्या बाटलीचा जोर उतरतो, म्हणून तारीख बघून घ्यावी. सुगंधी किंवा फेसाळ ब्लीच मात्र नकोच.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच. ब्लीच पाण्यात पडलं की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि जंतूंना खरं तेच मारतं. सामू 7.5 असेल तर क्लोरीनचा जवळपास अर्धा भाग या रूपात राहतो, 8.5 वर गेला की जेमतेम दहावा. बाटल्या रिकाम्या होतात आणि जंतू जिवंतच. सामू 7.2 ते 7.8 मध्ये ठेवला तर तेवढ्याच ब्लीचमध्ये काम भागतं.

दुसरा चोर म्हणजे ऊन. भर दुपारी उघड्या तलावातला निम्मा क्लोरीन तासाभरात उडून जातो. सायन्युरिक आम्ल थोडं घातलं तर तो टिकतो. नाहीतर संध्याकाळी, पंप चालू ठेवून ब्लीच सोडावं. पोरांना उतरवण्याआधी पाणी तपासावंच. काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन डीपीडीची गोळी टाकली की ते गुलाबी होतं. जितका रंग गडद, तितका क्लोरीन जास्त. सोबतच्या रंगपट्टीशी ताडून आकडा कळतो.

डोळे चुरचुरले, उग्र वास आला की लोक म्हणतात, औषध जास्त झालं. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, तो वास त्यांचा. म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडलाय. उतरण्याआधी अंघोळ करायला लावतात ती यासाठीच, आणि लहान मुलांना तर ती घालावीच.

आता जिवावर बेतणारी गोष्ट. सामू उतरवायला आणलेलं ॲसिड आणि ब्लीच बऱ्याच ठिकाणी पंपाच्या खोलीत शेजारीशेजारी ठेवलेलं असतं. दोन्ही एकाच बादलीत पडलं की तत्क्षणी क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायच्या ॲसिडनेही हेच होतं. बादल्या, मापं वेगळी ठेवा, कपाटंही वेगळी. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे पंपाच्या खड्ड्यात साचून राहतो. वास आला तर बादली उचलायला जाऊ नका. वाऱ्याच्या उलट दिशेने उंचावर निघा, आणि खड्ड्यात कुणी अडकलं असेल तर स्वतः न उतरता 112 ला फोन करा.