पीटीएच आणि ड जीवनसत्त्व : आकडा कोणत्या पद्धतीचा?

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवाचे ४७ एकत्रित नमुने घेऊन, त्यांतलं पॅराथायरॉईड संप्रेरक, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पीटीएच, फ्रान्समधल्या संशोधकांनी बाजारातल्या १५ वेगवेगळ्या किटनी मोजून पाहिलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत ‘अलेग्रो’ या तेव्हाच्या मापदंड मानलेल्या किटवर जिथे मिलिलिटरमागे १५० पिकोग्रॅम भरत होते, तिथे एका किटवर ८३ येत होते आणि दुसऱ्या एकावर ३२३. अशा रुग्णांचं पीटीएच १५० ते ३०० मध्ये ठेवावं, असं त्या काळची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं सांगत होती. म्हणजे एका लॅबच्या रिपोर्टवरून औषध कमी करायचं आणि दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवरून वाढवायचं. रक्त मात्र तेच! एकही यंत्र बिघडलेलं नव्हतं, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं.

पीटीएच ही ८४ अमिनो आम्लांची साखळी आहे. गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथींमधून ती रक्तात उतरते आणि दोन-चार मिनिटांत निम्मी होते. तिचे तुकडे मात्र रक्तात बराच काळ फिरत राहतात. ते बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडांचं, त्यामुळे मूत्रपिंडं निकामी झाली की तुकडे साचत जातात. बर्सन आणि यालो यांनी १९६३ मध्ये पीटीएच मोजण्याची किरणोत्सारी पद्धत आणली, तेव्हा अखंड साखळी आणि तुकडे यांत फरक करणं अवघड होतं. १९८७ पासून दोन अँटिबॉडी, म्हणजे साखळीचा ठरावीक भाग ओळखून पकडणारी प्रथिनं, वापरणारी पद्धत आली. एक अँटिबॉडी साखळीचं शेपूट धरते, दुसरी डोक्याकडची बाजू. या चाचणीला ‘इंटॅक्ट’, म्हणजे अखंड पीटीएच, असं नाव मिळालं.

पुढे १९९८ मध्ये कळलं की ही चाचणीही पूर्ण अखंड साखळीपुरती नाही. पहिली काही अमिनो आम्लं गळालेला मोठा तुकडाही तिच्यात मोजला जातो. हाडांवर आणि मूत्रपिंडांवर पीटीएचचं नेहमीचं काम होण्यासाठी ती पहिली अमिनो आम्लंच लागतात. म्हणून तिसऱ्या पिढीच्या चाचण्यांमधली अँटिबॉडी साखळीचं अगदी पहिलं टोक ओळखते आणि तिचा आकडा साहजिकच कमी येतो. मूत्रपिंडविकारांसाठीच्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ठरावीक आकडा सोडून दिला. डायलिसिसच्या रुग्णांत पीटीएच त्या-त्या चाचणीच्या वरच्या मर्यादेच्या साधारण दुप्पट ते नऊपट असावं, असं त्यांनी सुचवलं. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो.

ड जीवनसत्त्वाची अडचण निराळी आहे. मोजायचं असतं ते २५-हायड्रॉक्सी रूप, जे रक्तात दोन-तीन आठवडे टिकतं. त्यातलं जवळजवळ सगळं एका वाहक प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं आणि मोजण्याआधी ते सोडवून घ्यावं लागतं. स्वयंचलित यंत्रांना हे काही मिनिटांतच उरकावं लागतं. गरोदरपणात हे प्रथिन वाढतं, तेव्हा काही यंत्रांवर ड जीवनसत्त्व प्रत्यक्षाहून कमी दिसतं. शिवाय ड जीवनसत्त्वाची ड-२ आणि ड-३ अशी दोन रूपं असतात; काही किट ड-३ व्यवस्थित पकडतात आणि ड-२ कमी पकडतात. शाकाहारी म्हणून ड-२ च्या गोळ्या घेणाऱ्याला मग वाटतं, औषध लागूच पडत नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र ड-२ आणि ड-३ वेगवेगळे मोजतं, म्हणून त्याला वरचा दर्जा दिला जातो आणि ते रास्तच आहे. पण ‘३-एपि’ नावाचं एक जुळं रूप असतं, त्याचं वस्तुमान तंतोतंत तेच. खास व्यवस्था केली नाही तर तेही बेरजेत जातं. तान्ह्या बाळांच्या रक्तात हे रूप बरंच असतं, त्यामुळे तिथे याच यंत्राचा आकडा फुगू शकतो.

पीटीएच आणि ड जीवनसत्त्व या दोन्हींच्या अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्यांना एकदम चकवणारी गोष्ट म्हणजे केसांसाठी घेतली जाणारी बायोटिनची गोळी. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि गोळीत बऱ्याचदा १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. अनेक यंत्रांमध्ये अँटिबॉडी पृष्ठभागावर अडकवून ठेवायला बायोटिनचाच हूक वापरलेला असतो. रक्तातलं जादा बायोटिन हा हूक अडकण्याच्या जागा अडवतं आणि यंत्राला मिळणारा संकेत घटतो. पीटीएचच्या चाचणीत संकेत घटला की निकाल कमी येतो. ड जीवनसत्त्वाची चाचणी संगीत खुर्चीसारखी चालते. मोजक्या खुर्च्यांसाठी रुग्णाचं ड जीवनसत्त्व आणि किटमधलं खूण केलेलं ड जीवनसत्त्व झगडतात, खूण केलेले कमी दिसले की रुग्णाचं जास्त असा अर्थ लागतो. म्हणून तिथे निकाल उलट वाढतो. पीटीएच कमी आणि ड जीवनसत्त्व भरपूर, असा रिपोर्ट हातात पडतो आणि खरी कमतरता झाकली जाते. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधीच डॉक्टरांना आणि लॅबला सांगावं.

पीटीएचची ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी लोकांचं रक्त तपासून ठरवतात. ड जीवनसत्त्व कमी पडलं की अन्नातलं कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि ते सांभाळायला पीटीएच वाढतं; म्हणून त्या निरोगी लोकांतच ड जीवनसत्त्व कमी असेल तर त्यांचं पीटीएच आधीच चढलेलं असतं आणि वरची मर्यादा नको तितकी वर सरकते. भरपूर उन्हाच्या आपल्या देशात शहरी माणसांमध्ये ही कमतरता सर्रास आढळते. त्यामुळे इथल्या लोकांवरून पीटीएचची मर्यादा ठरवायची तर आधी त्यांचं ड जीवनसत्त्व भरवशाच्या पद्धतीने मोजून, ते पुरेसं असलेलीच माणसं निवडावी लागतील.