जुस्तिनियानी, विन्चेन्झो

(१३ सप्टेंबर १५६४–२७ डिसेंबर १६३७). इटालियन उमराव, सराफ, कलासंग्राहक आणि कलावंतांचा आश्रयदाता. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची पंधराएक चित्रे बाळगणारा धनिक म्हणून त्याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. चित्र कसे घडते याचा बारकाईने विचार करून तो लिहून ठेवणाऱ्या मोजक्या संग्राहकांपैकी तो एक होता, ही गोष्ट मात्र त्या कीर्तीत काहीशी झाकोळली आहे.

जुस्तिनियानी घराणे मूळचे जेनोआचे. एजियन समुद्रातील किऑस बेटाचा कारभार आणि तिथला व्यापार या घराण्याच्या भागीदारीत चाले. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रुमी मस्तकी हा या बेटावरचा डिंक, आणि घराण्याच्या संपत्तीचा एक मोठा आधारही. विन्चेन्झोचा जन्म तिथलाच. १५६६ मध्ये ऑटोमन तुर्कांनी बेट जिंकले आणि कुटुंब रोमला आले. वडील जुझेप्पे यांनी तिथे सराफीत जम बसवला. थोरला भाऊ बेनेदेत्तो १५८६ मध्ये कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचा धर्माधिकारी, झाला. सराफी धाकट्याकडे आणि धर्मपीठातले वजन थोरल्याकडे, अशी ही जोडी होती. १५९० मध्ये घराण्याने सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चसमोरचा वाडा विकत घेतला, तर १५९५ मध्ये रोमच्या उत्तरेकडील बास्सानोची जहागीर घेतली. १६०५ मध्ये पोप पाचवा पॉल याने विन्चेन्झोला मार्क्विस हा किताब दिला. बास्सानोच्या हवेलीत चित्रकार दोमेनिकीनोने डायाना या रोमन देवतेच्या आणि आल्बानीने ग्रीक पुराणातील फेथॉनच्या कथेवर भित्तिलेपचित्रे रंगवली.

वाड्यासमोरच्या त्या चर्चमध्ये काराव्हाज्जो संत मॅथ्यूच्या जीवनावरील चित्रे करत होता. १६०२ मधील वेदीचित्राच्या पहिल्या आवृत्तीत मॅथ्यू एखाद्या अडाणी शेतकऱ्यासारखा पायावर पाय टाकून बसलेला आहे, त्याचा उघडा पाय बघणाऱ्याच्या अंगावर येतो आणि देवदूत त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेतो. संताची ही अप्रतिष्ठा पाद्र्यांना खपली नाही, त्यांनी चित्र नाकारले आणि विन्चेन्झोने ते उचलले, असे बेल्लोरी या चरित्रकाराने लिहिले आहे. हा नकार खरोखर इतका सरळ होता का, याविषयी अलीकडचे अभ्यासक साशंक आहेत. चित्र जुस्तिनियानींच्या घरी गेले, हे मात्र निर्विवाद. चर्चमध्ये आज दिसते ती दुसरी आवृत्ती.

त्याच सुमारास काराव्हाज्जोने विन्चेन्झोसाठी ‘विजयी कामदेव’ रंगवला. गरुडासारखे पंख असलेला नागडा, खट्याळ हसणारा मुलगा, आणि त्याच्या पायाशी वाद्ये, चिलखत, पोथी, कोनमापक यांचा पसारा. १६३० च्या दशकात वाड्यात राहिलेला जर्मन चित्रकार योआखिम फोन झांड्रार्ट सांगतो की, हे चित्र गडद हिरव्या रेशमी पडद्याआड ठेवलेले असे आणि बाकी सगळी चित्रे बघून झाल्यावरच पडदा सरे. नाहीतर इतर चित्रे फिकी पडली असती. पडदा लाजेखातर होता असे म्हणणारेही आहेत. पण पाहुण्यांना चित्रे कोणत्या क्रमाने दाखवायची याचा विचार करणाऱ्या मालकाचा हा पडदा होता, हेच अधिक पटते. याच कामदेवाला उत्तर म्हणून जोव्हान्नी बाल्योनेने बेनेदेत्तोसाठी ‘दैवी प्रेमा’चे चित्र केले आणि बक्षीस म्हणून सोन्याची साखळी मिळवली. पुढे बाल्योनेवर शिवराळ कवने फिरू लागली आणि १६०३ मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात काराव्हाज्जोला कोठडी पाहावी लागली.

विन्चेन्झोने चित्रकला, शिल्प, वास्तुकला, संगीत, शिकार, प्रवास अशा विषयांवर पत्ररूपाने निबंध लिहिले. चित्रकलेवरील पत्रात त्याने चित्र काढण्याच्या बारा पद्धती चढत्या क्रमाने मांडल्या आहेत. सर्वांत खाली, रांगोळीच्या छापासारख्या टोचलेल्या कागदावरून पूड पाडून आकृती उतरवणे. बऱ्याच वर, कोणताही नमुना समोर न ठेवता कल्पनेने रंगवणे आणि त्याच्याही वर, प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून रंगवणे. बाराव्या पायरीवर या दोहोंचा मेळ. तिथे तो काराव्हाज्जो, कार्राच्ची आणि ग्विदो रेनी यांना शेजारी बसवतो. हे तिघे त्या काळी परस्परविरोधी गोटांतले समजले जात, हे ध्यानात घेतले की या मांडणीतले धाडस कळते. फुलांचे चांगले चित्र काढायला माणसांच्या चित्राइतकेच कसब लागते, हे काराव्हाज्जोचे म्हणणेही याच पत्रामुळे आपल्यापर्यंत पोहोचले.

हे ज्ञान पुस्तकी नव्हते. १६०६ मध्ये तो जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड, फ्रान्स असा फिरून आला, तेव्हा चित्रकार क्रिस्तोफोरो रोन्काल्ली सोबत होता. परदेशी चित्रकारांनाही त्याचा वाडा खुला असे. हॉन्टहॉर्स्टने मेणबत्तीच्या उजेडातला ‘मुख्य पुरोहितापुढे ख्रिस्त’ त्याच्यासाठी रंगवला; पुसँचे ‘निरागसांचे हत्याकांड’ही जुस्तिनियानी संग्रहातलेच.

प्राचीन शिल्पांचा त्याला विशेष सोस. मृत्यूनंतर १६३८ मध्ये झालेल्या मोजदादीत सुमारे सहाशे चित्रे आणि हजारावर शिल्पे निघाली. शिल्पांची मुद्राचित्रे त्याने स्वखर्चाने ‘गाल्लेरिया जुस्तिनियाना’ या दोन खंडांत छापून घेतली. झांड्रार्ट, क्लोद मेलाँ असे अनेक कलावंत त्यासाठी राबले. खासगी शिल्पसंग्रहाचे असे भव्य प्रकाशन तेव्हा नवलाचेच होते. मायकेलअँजेलोने घडवायला घेतलेली, पण संगमरवरात चेहऱ्यावर काळी शीर निघाल्याने अर्धवट सोडलेली ख्रिस्ताची मूर्तीही त्याने मिळवली. ती दुसऱ्या हाताने पुरी झाली आणि बास्सानोच्या सान व्हिन्चेन्झो चर्चमध्ये उभी राहिली. ती नेमकी कोणाची, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कुठे अभ्यासकांच्या ध्यानात आले.

पत्नी एउजेनिया स्पिनोला हिच्यापासून झालेली मुले त्याच्या आधीच गेली. वारसा दूरच्या शाखेतील आंद्रेआ जुस्तिनियानीकडे आला. संग्रह विकता येऊ नये अशी तजवीज मृत्युपत्रात होती आणि ती दीडशेहून अधिक वर्षे टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्जबाजारी वारसांनी चित्रे पॅरिसला नेली. तिथे १८१५ मध्ये प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने दीडशेहून अधिक चित्रे घेतली आणि बर्लिनच्या नव्या संग्रहालयाचा पाया घातला. मे १९४५ मध्ये तिथल्या फ्रीड्रिक्सहाइन या विमानविरोधी तोफांच्या बुरुजातील आगीत काराव्हाज्जोची तीन जुस्तिनियानी चित्रे जळाली. त्यांत तो अनवाणी मॅथ्यूही होता. कामदेव बर्लिनमध्ये वाचला, ‘संत थॉमसची शंका’ पॉट्सडॅमला आहे आणि ‘ल्यूटवादक’ सेंट पीटर्सबर्गला. शिल्पांतील बराच वाटा तोर्लोनिया घराण्याकडे गेला, तर अथीनाची प्रसिद्ध मूर्ती व्हॅटिकनकडे. रोममधला वाडा आता इटलीच्या सिनेटच्या ताब्यात असून, डिसेंबर १९४७ मध्ये इटालियन प्रजासत्ताकाच्या संविधानावर सह्या झाल्या त्या याच वाड्यात.