लन दोन्ही नोडना दिसतो, म्हणून दोन्हीकडे माउंट करायचा नसतो

“सॅनमधून एकच लन दोन्ही सर्व्हरना दिलाय, झालं क्लस्टर!” हे इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. (सॅन म्हणजे सर्व्हरना नेटवर्कवरून डिस्क पुरवणारी सामायिक साठवण, लन म्हणजे तिच्यातली एक डिस्क, नोड म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर.) शेअर्ड डिस्क ही एक गोष्ट, क्लस्टर फाइल सिस्टम (अनेक नोडनी एकाच वेळी वापरायची फाइल सिस्टम) ही दुसरी. पहिली घेतली की दुसरी सोबत फुकट येत नाही.

शेअर्ड डिस्क तुम्हाला माहीत आहेच. दोन सर्व्हरना तेच ब्लॉक दिसतात, बस. सॅनला जोडायला फायबर चॅनेल की आयस्कझी यावर लोक तासन्‌तास भांडतात. इथे त्याने काही फरक पडत नाही, खिसा बघून ठरवा. त्या ब्लॉकवर कोण कधी लिहितंय याची चौकशी डिस्क करत नाही.

गोची इथून पुढे. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टम हे गृहीतच धरतात की हे डिव्हाइस एकट्या माझ्या कर्नलचं आहे. कोणते ब्लॉक मोकळे, कोणते आयनोड (फाइलींच्या नोंदी) वापरात, हा हिशेब प्रत्येक नोड आपापल्या मेमरीत ठेवतो. ‘अ’ नोडने एक ब्लॉक एका फाइलला दिला तरी ‘ब’च्या लेखी तो मोकळाच, म्हणून तोही तो दुसऱ्या फाइलला देऊन टाकतो. दोन तलाठ्यांनी एकाच सातबाऱ्याच्या झेरॉक्स घरी नेऊन आपापले फेरफार करावेत आणि दोघांनीही आपलीच प्रत दप्तरात मूळ म्हणून लावावी, तसं. शिवाय बोंब लगेच होत नाही. ‘अ’वर केलेली फाइल ‘ब’वर दिसत नाही, पुन्हा माउंट केल्यावर दिसते, मग “कॅशचा प्रॉब्लेम असेल” म्हणून सगळे पुढे सरकतात. अहो, कॅशचाच आहे!

“मग दुसरीकडे रीड-ओन्ली माउंट करू.” नको. आधीचं जर्नल (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) बाकी असेल तर ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट करतानाही ते रीप्ले करते, म्हणजे डिस्कवर लिहिते. नोलोड ऑप्शन देऊन ते टाळलंत तरी शिळाच डेटा वाचाल. ईएक्सटी४मध्ये दुसरा माउंट अडवणारी एमएमपी नावाची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

जीएफएस२ आणि ओसीएफएस२ या क्लस्टर फाइल सिस्टममध्ये (दोन्ही २००६ साली लिनक्स कर्नलमध्ये आल्या) प्रत्येक नोडचं जर्नल वेगळं असतं आणि मध्ये लॉक मॅनेजर असतो. एखादा आयनोड बदलायचा तर आधी नेटवर्कवरून लॉक घ्यायचा. ज्याच्याकडे तो होता त्याने आपले बदल डिस्कवर उतरवून मगच तो सोडायचा. याची किंमत वेगात मोजावी लागते, आणि फेन्सिंगमध्ये. गप्प झालेला नोड मेलाय की नुसती केबल निघालीय हे बाकीच्यांना कळत नाही, म्हणून त्याची वीज तोडायची किंवा त्याला डिस्कपासून तोडायचं, हेच फेन्सिंग. तोवर त्याच्याकडचे लॉक कुणालाच मिळत नाहीत. “फेन्सिंग सध्या बंद ठेवलंय, नंतर बघू” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

आणि क्लस्टर फाइल सिस्टम टाकली म्हणून एकाच डेटा डिरेक्टरीवर दोन पोस्टग्रेस डेटाबेस चालत नाहीत. प्रत्येकाचे शेअर्ड बफर (डेटाची मेमरीतली कॅश) आपापल्या मशीनमध्ये. शिवाय पोस्टमास्टरची (पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसची) पीआयडी फाइल त्याच मशीनवरची प्रोसेस तपासते, पलीकडच्या नोडवरची तिला दिसत नाही. ऑरॅकल आरएसीला (अनेक नोडवर चालणाऱ्या ऑरॅकल डेटाबेसला) हे जमतं, कारण कॅश फ्यूजनने डेटाबेस स्वतःच नोडांमध्ये ब्लॉक फिरवतो.

माझी निवड? पोस्टग्रेससाठी प्रत्येक नोडवर लोकल एनव्हीएमई डिस्क, वर एक्सएफएस आणि स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (बदल सतत दुसऱ्या नोडकडे पाठवत राहणं). सॅन आधीच घेऊन ठेवलंय म्हणून वापरायचंच असेल, तर तीच एक्सएफएस, पण एका वेळी एकाच नोडवर, पेसमेकर या क्लस्टर मॅनेजरच्या हातात आणि फेन्सिंग चालू ठेवून. आरएसी असेल तर सरळ एएसएम, म्हणजे ऑरॅकलची स्वतःची डिस्क व्यवस्था. जीएफएस२ मी अनेक नोडना लागणाऱ्या साध्या सामायिक फाइलींपुरती ठेवीन, डेटाफाइलींच्या आसपास नाही.