जुन्या कॅसेटच्या नावाची बेरीज

"मामा, नवा स्विच आला. म्हणजे माझ्या जुन्यावर आता गेम यायचे बंद ना?" भाच्याचा चेहरा पार उतरला होता. त्याच्याकडे निन्टेंडो या जपानी कंपनीचं 'स्विच' हे गेम खेळायचं मशीन आहे. नवं मशीन बाजारात आलं की त्याच दिवशी जुनं मेलं, असं त्याला शाळेतल्या मित्राने सांगितलं होतं. हा समज मोठ्यांमध्येही सर्रास आढळतो. हातात धरून खेळायच्या मशीनचा इतिहास मात्र त्याच्या अगदी उलट आहे.

गेम बनवणाऱ्याचा हिशेब साधा असतो. नव्या मशीनचे ग्राहक पहिल्या दिवशी शून्य, आणि जुनं मशीन कोट्यवधी घरांत पडलेलं. निन्टेंडोचा गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त मशीन विकली गेली. एवढी गिऱ्हाईकं कोण सोडेल? निन्टेंडोचं पुढचं मशीन डीएस २००४ मध्ये आलं, तरी आधीच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर 'फायनल फँटसी ६'ची आवृत्ती जपानमध्ये नोव्हेंबर २००६ मध्ये निघाली. डीएसनंतरचा थ्रीडीएस फेब्रुवारी २०११ मध्ये आला आणि 'पोकेमॉन ब्लॅक २' जून २०१२ मध्ये आला, तोही जुन्या डीएससाठीच.

पण पैशाची बाजू यातली अर्धीच. मला वेड लावते ती दुसरी बाजू: जुन्या मशीनसाठी केलेला गेम नव्यातही चालला, तर तो बनवणाऱ्याला दोन्हीकडची गिऱ्हाईकं मिळतात. ते चालतं कसं, हे पाहण्यासारखं आहे.

१९८९ चा मूळ गेम बॉय म्हणजे १६० बाय १४४ ठिपक्यांचा, चार छटांचा पडदा आणि ८ किलोबाइट मेमरी. रंगीत गेम बॉय आला १९९८ मध्ये. त्याची चिप त्याच जातीची, फक्त गरज पडली तर दुप्पट वेगाने धावणारी. त्यामुळे जुनी कॅसेट चालणार हे ठरलेलंच होतं. (कॅसेट म्हणजे गेम साठवलेली, मशीनच्या खाचेत बसवायची डबी. हिला कार्ट्रिज म्हणतात, पण आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे, मीही तेच म्हणतो.) पण जुन्या गेममध्ये रंगांची माहितीच नव्हती. मग नऊ वर्षांपूर्वीच्या गेमला रंग द्यायचे कुठून?

प्रत्येक कॅसेटमध्ये सुरुवातीला ठरलेल्या जागी १६ बाइट, म्हणजे एकेक अक्षर मावेल एवढ्या जागा, गेमच्या नावासाठी राखलेले असतात. यातला शेवटचा, सोळावा बाइट पुढे खुणेसाठी वापरायला घेतला. तिथे १२८ असेल तर गेम दोन्ही मशीनवर चालणारा, १९२ असेल तर फक्त रंगीतवर. ही खूण नसेल तर कॅसेट जुनी, असं मशीन समजतं. कॅसेटवर निन्टेंडोचा स्वतःचा परवाना क्रमांक आहे का तेही तपासतं, आणि असेल तर नावाच्या अक्षरांची चक्क बेरीज करतं.

भाच्याला कागद-पेन्सिल दिली आणि 'टेट्रिस'ची इंग्रजी अक्षरं मांडायला लावली. संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो. टी ८४, ई ६९, परत टी ८४, आर ८२, आय ७३, एस ८३. बेरीज ४७५. उरलेले बाइट शून्य. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं, म्हणून २५६ वजा केले की २१९. रंगीत गेम बॉयच्या पोटात अशा बेरजांचा तक्ता कोरलेला आहे. त्यात २१९ सापडतो आणि मशीन 'टेट्रिस'ला पांढरा, पिवळा, लाल आणि काळा हे रंग देतं. दोन नावांची बेरीज सारखी आली तर चौथं अक्षर बघायचं. तक्त्यात नावच नसेल तर ठरावीक रंगसंच. तोही आवडला नाही तर मशीन सुरू होताना बाणाचं बटण, नुसतं किंवा ए वा बी बटणाच्या जोडीने, दाबून बारातला एक रंगसंच आपण निवडायचा. हे सगळं करणारा प्रोग्राम फार तर दोन किलोबाइटचा! त्यात इतका विचार बसवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

२००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये नवी ३२-बिट चिप आली, तिच्या भाषेचा जुन्या चिपशी काही संबंध नाही. तरीही जुन्या कॅसेट चालल्या, कारण जुनी ८-बिट चिपही आत बसवलेली होती. कुठली चिप जागी करायची हे कॅसेटच्या आकारावरून ठरतं. जुन्या कॅसेटचं अंग खाचेतलं एक इवलंसं बटण दाबतं. ते दाबलं गेलं की जुनी चिप चालू होते आणि कॅसेटला ५ व्होल्ट मिळतात. नव्या कॅसेटचा आकार असा की बटण सुटं राहतं, आणि तिला ३.३ व्होल्टच मिळतात.

पुढचं जरा किचकट आहे. चिपच्या आत ए, बी अशी रजिस्टर असतात, म्हणजे एकेक आकडा धरणारे छोटे कप्पे. मशीन गेमच्या हाती कारभार सोपवतं तेव्हा ए मध्ये मूळ गेम बॉय १ ठेवतो, रंगीत गेम बॉय १७. अ‍ॅडव्हान्सही १७ च ठेवतो, पण जाता जाता बी मध्ये एक मिळवतो. एवढ्या एका सूचनेवरून गेमला कळतं की आपण कुठल्या मशीनमध्ये आहोत. 'झेल्डा'चे 'ऑरेकल' जोडीतले गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी २००१ ला आले, अ‍ॅडव्हान्स आला २१ मार्चला. तरी त्यांच्यात एक दुकान आधीच दडवलेलं होतं, ते फक्त अ‍ॅडव्हान्सवरच उघडतं. २००२ चा 'शांते' रंगीत गेम बॉयसाठीचा, पण अ‍ॅडव्हान्सच्या अंधाऱ्या पडद्यावर तो आपले रंग उजळ करून घेतो.

कॅसेट चालली नाही की आपण सगळ्यांनीच तिच्यात फुंकर मारली आहे. फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून परत बसवताना धातूच्या पट्ट्या घासून नीट टेकतात, गुण त्याचा असतो. तोंडातल्या ओलाव्याने उलट पट्ट्या गंजतात. कोरड्या कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसा.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. डीएसने ८-बिट चिप काढून टाकली, तेव्हा जुन्या गेम बॉयच्या कॅसेटना दार बंद झालं. २०१७ च्या स्विचमध्ये तर थ्रीडीएसचं कार्ड बसतच नव्हतं. तरीही थ्रीडीएसवर 'पोकेमॉन अल्ट्रा सन' नोव्हेंबर २०१७ मध्ये आला आणि 'कर्बी'चा गेम मार्च २०१९ मध्ये, म्हणजे नुसत्या जुन्या गिऱ्हाइकांच्या जोरावर दोन वर्षं निघाली. ५ जून २०२५ ला आलेल्या स्विच २ मध्ये जुन्या स्विचची चिप नाही. जुन्या गेमच्या सूचना खेळ चालू असतानाच नव्या चिपला कळतील अशा बदलून घेतल्या जातात, म्हणून काही मोजके गेम त्यावर अडखळतात. पण बहुतेक चालतात, आणि त्यामुळे जुन्या स्विचसाठी गेम करणं अजून परवडतं. 'पोकेमॉन लेजंड्स झी-ए' ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही मशीनसाठी आला, डिसेंबरात 'मेट्रॉइड प्राइम ४' सुद्धा. भाच्याला ही नावं सांगितली, तेव्हा तो 'टेट्रिस'चा कागद उलटा करून स्वतःच्या नावाची बेरीज मांडत बसला होता.