संतुलित बले आणि क्रिया-प्रतिक्रियेची जोडी

एकाच वस्तूवर कार्य करणाऱ्या सर्व बलांची सदिश बेरीज, म्हणजे दिशा लक्षात घेऊन केलेली बेरीज, शून्य होत असेल आणि ती बले वस्तूला फिरवू पाहत नसतील, तर त्या बलांना संतुलित बले म्हणतात. दोन वस्तू एकमेकींवर जी बले लावतात, त्यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणतात. पहिल्या संकल्पनेचा आधार न्यूटनचे गतिविषयक पहिले दोन नियम हा आहे, तर दुसरीचा आधार तिसरा नियम. हे तिन्ही नियम १६८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘समान आणि विरुद्ध’ हे वर्णन दोन्हीकडे येत असल्याने विद्यार्थ्यांची, आणि पुष्कळदा शिकवणाऱ्यांचीही, येथेच गल्लत होते.

लातूरच्या आडत बाजारात काट्यावर ठेवलेले ५० किलोग्रॅमचे सोयाबीनचे पोते घ्या. पृथ्वी त्याला सुमारे ४९० न्यूटन बलाने खाली ओढते आणि काटा तेवढ्याच बलाने त्याला वर रेटतो. ही दोन्ही बले पोत्यावरच आहेत, म्हणून ती संतुलित आहेत. परंतु ती एकमेकांची क्रिया-प्रतिक्रिया नव्हेत. पृथ्वीने पोत्याला ओढण्याची जोडी म्हणजे पोत्याने पृथ्वीला ४९० न्यूटन बलाने वर ओढणे. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ × १०^२४ किलोग्रॅम असल्यामुळे या ओढीचा परिणाम कधीच जाणवत नाही. काट्याच्या रेट्याची जोडी म्हणजे पोत्याने काट्याला खाली दाबणे, आणि काटा दाखवतो तो हाच दाब. जोडी ओळखण्याची खूण सोपी आहे: ‘अ ने ब वर लावलेले बल’ या शब्दप्रयोगात अ आणि ब यांची अदलाबदल करावी. जोडीतील दोन्ही बले एकाच प्रकारची असतात. एक गुरुत्वाकर्षणाचे व दुसरे स्पर्शाचे, असे कधी होत नाही.

पाठीवरचे पोते घेऊन हमाल झटक्याने उठू लागला की हा फरक उघड होतो. त्या क्षणी त्याची पाठ पोत्याला ६०० न्यूटन बलाने वर रेटत असेल, तर पोत्यावर ११० न्यूटनचे असंतुलित बल उरते आणि पोते २.२ मी./से.² त्वरणाने वर जाते. संतुलन मोडले, तरी पोतेही हमालाच्या पाठीला बरोबर ६०० न्यूटननेच दाबत असते. संतुलन परिस्थितीवर अवलंबून असते, जोडी मात्र कधीच मोडत नाही.

बैल गाडीला जितके ओढतात तितकीच गाडीही बैलांना मागे ओढते, मग गाडी चालते कशी, हा जुना प्रश्न याच गल्लतीतून निघतो. गाडी चालेल की नाही हे ठरवताना केवळ गाडीवरची बले पाहावीत: जूमधून येणारी पुढची ओढ आणि चाकांना होणारा विरोध. बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतात आणि जमीन त्यांना पुढे रेटते. पावसाळ्यात मराठवाड्यातील काळी माती चिकट व निसरडी झाली की खूर सटकतात, जमिनीकडून मिळणारा रेटा घटतो, शिवाय रुतलेल्या चाकांचा विरोध वाढतो. गाडी अडते ती या दोन कारणांनी, तिसऱ्या नियमामुळे नव्हे.

संतुलित बले म्हणजे वस्तू स्थिरच असते, हा समजही चुकीचा आहे. लातूरहून नांदेडला निघालेली एसटी सरळ, सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर या एकसमान वेगाने धावत असताना तिच्यावरील बले संतुलितच असतात. इंजिनामुळे मिळणारा पुढचा रेटा केवळ हवेचा व रस्त्याचा विरोध भरून काढतो. वळणावर मात्र वेगाचा आकडा तोच राहिला तरी दिशा बदलते, म्हणून तेथे संतुलन नसते. चालक दोन्ही हातांनी सुकाणूचक्राच्या कडांवर समान व विरुद्ध बले लावतो, तेव्हा त्यांची बेरीज शून्य होऊनही चक्र फिरते, कारण ती बले एका रेषेत नसतात. अशा बलांना बलयुग्म म्हणतात आणि ते वरील दोन्हींपेक्षा निराळे आहे.

पैठणजवळचे जायकवाडी हे मातीचे धरण नाथसागराचे पाणी अडवून धरते. पाणी भिंतीला रेटते आणि भिंत पाण्याला तितकेच रेटते, ही जोडी झाली. परंतु भिंत जागेवर टिकते ती या प्रतिक्रियेमुळे नव्हे, कारण प्रतिक्रिया पाण्यावर आहे, भिंतीवर नाही. भिंतीवरील पाण्याचा आडवा रेटा पायाशी होणाऱ्या घर्षणाने संतुलित होतो, आणि हे घर्षण पुरेसे मिळावे म्हणून अशा धरणांचा तळ माथ्यापेक्षा कितीतरी रुंद ठेवतात.